मागे राहिलेलं वासरू

"हे नाही नेणार मी," वासराच्या पोटावरचा हात काढत गाडीवाला म्हणाला. "पोट बघा कसं तटतटलंय. वाटेतच मरायचं."

"राहू दे मग," हिस्के म्हणाली.

बाकी सगळ्या गाई गाडीत चढल्या होत्या. फळी वर गेली, कड्या लागल्या आणि गाडी कालव्याच्या कडेने निघून गेली. तिचा नवरा वीब्रन गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं? तुझ्या कंबरेपायी माझ्या गाई गेल्या."

हिस्केच्या कंबरेला काहीही झालं नव्हतं.

वीब्रन धार काढून घरी यायचा, कॉफी प्यायचा आणि पुन्हा बूट चढवून धारेला निघायचा. हिवाळ्यात त्याने औषध चालू असलेल्या गाईचं दूध मोठ्या टाकीत सोडलं आणि सगळी टाकी ओतून द्यावी लागली. शहरातल्या डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला नाव दिलं, ते नाव तो परतीच्या वाटेवरच विसरला. मुलगी दूर उट्रेख्तला शाळेत शिकवत होती, तिला गोठ्यात रस नव्हता. तेव्हा हिस्केनेच गावभर सांगितलं की माझी कंबर गेली, आता गाई झेपत नाहीत. नवऱ्याचा राग अंगावर घेणं तिला सोपं वाटलं. तो स्वतःलाच घाबरलेला तिला बघवला नसता.

वासराचं नाव बाउके. काळीपांढरी कालवड, जेमतेम महिन्याची. धारेचं काम वीब्रनचं आणि वासरं हिस्केची, अशी लग्नापासूनची वाटणी. बाउके दात खात होती, मागच्या पायाने स्वतःच्याच पोटावर लाथ मारत होती आणि शेण डांबरासारखं काळं टाकत होती.

"पोटात व्रण आहे," डौट्सन म्हणाली. ही गुरांची डॉक्टर. शाळेत असताना सुट्टीत हिस्केकडेच वासरांना दूध पाजायला यायची. "काळं आहे ते रक्त. पोटातलं आम्लच तिला आतून खातंय, काकू. ते कमी करायचं औषध देते. अजून रवंथ सुरू नाही, म्हणजे तोंडातून दिलेलं नेमकं तिथे पोचेल. आणि दूध थोडं थोडं पाजा, पण पुन्हा पुन्हा. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि एकदम भरायचंही नाही."

"वाचेल?"

"काही वाचतात."

दुसऱ्या दिवशी हिस्के औषधाची पिचकारी घेऊन गोठ्यात गेली, तर वीब्रन आधीच तिथे पेंढ्यावर बसलेला. त्याने वासराची मान मांडीवर घेतली, बोटाने जबडा उघडला. "घाल. असं बाजूनं घाल, नाहीतर ठसका लागेल तिला."

"मला शिकव आता!"

"शिकवायलाच हवं. धसमुसळी आहेस."

गाई गेल्यापासून तो तिच्याशी पहिल्यांदाच धड बोलत होता. मग रोजच तसं होऊ लागलं. सकाळी तो दाढी करू लागला. हिस्के औषध द्यायची, थोड्या वेळाने बाटली धरायची आणि तो बाउकेच्या कानामागे खाजवत बसायचा. त्याचे हात काही विसरले नव्हते. शेण आधी तपकिरी झालं, मग पिवळं. एका सकाळी बाउकेने शेपटी उडवून गोठ्यात उडी मारली, तेव्हा वीब्रन इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

"हिला ठेवून घेऊ या," तो म्हणाला. "एका गाईनं काही तुझी कंबर मोडत नाही."

"ठेवू," हिस्के म्हणाली. आणि तिला खरंच वाटलं की ठेवता येईल.

औषध संपत आलं तशी ती सायकल काढून गावात निघाली. दिवसभराचं पावडरीचं दूध बादलीत कालवून ठेवलं होतं. "आत्ताच पाजलंय हं. मी येईपर्यंत काही देऊ नकोस."

"जा गं. मी काय आज पहिल्यांदा गोठ्यात आलोय?"

येताना कालव्यावरचा पूल वर उचललेला होता. शिडाची होडी सावकाश, अगदी सावकाश जात होती. होडीतल्या लोकांनी हात हलवला, हिस्केनेही हलवला.

ती पोचली तेव्हा वीब्रन बाटली घेऊन पेंढ्यात गुडघे टेकून बसला होता. चेहरा आनंदाने फुललेला. "भुकेली होती बिचारी! तू तर सकाळपासून काही दिलंच नव्हतंस."

"किती दिलंस?"

"एकच बाटली."

बादली तळापर्यंत रिकामी होती.

बाउके उभी होती, पण पाय फाकवून. पोट ढोलासारखं फुगलेलं. मग ती खाली बसली आणि मान टाकली. हिस्केने फोन केला, पण डौट्सन आली तोवर बाउकेचे कान गार पडले होते. डौट्सनने पोटाला कान लावला, डोळ्यांच्या कडा पाहिल्या आणि मान हलवली. "व्रण फुटलाय आतल्या आत. आता फक्त दुखणं थांबवता येईल."

हिस्केने बाउकेचं डोकं धरलं. सुई टोचली, एक लांब श्वास आला, दुसरा आलाच नाही.

डौट्सन सुई ठेवायला वळली आणि तिची नजर बादलीवर गेली, तिथून वीब्रनवर.

"मीच पाजलं जास्त," हिस्के चटकन म्हणाली. "घाई झाली माझी."

"तरी मी हिला सांगत होतो," वीब्रन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "थोडं थोडं दे म्हणून. ऐकतच नाही ही कुणाचं."

डौट्सनने बॅग बंद केली. मग म्हणाली, "औषध चालू असतानाही फुटतो कधी कधी, काकू." आणि जाताना तिने हिस्केचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

मेलेली गुरं नेणारी गाडी सकाळी येणार होती, म्हणून दोघांनी मिळून बाउकेला फाटकापाशी नेलं, ताडपत्री पांघरली, कडांवर विटा ठेवल्या. घरी आल्यावर वीब्रन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला आणि बुटांकडे नुसता बघत राहिला. हिस्के खाली बसली, एक बूट ओढून काढला, मग दुसरा. एका पायात त्याचा राखाडी मोजा होता आणि दुसऱ्यात तिचा निळा, टाचेवर ताणून बसवलेला. तो पाय तिने मांडीवर घेतला आणि गार होता म्हणून दोन्ही हातांनी चोळत राहिली.