केळ्याचा बसका पाव

केळ्याचा पाव ही चीज दारव्ह्यात कुणी ऐकलीही नव्हती, आणि नलूनं तो साऱ्या वस्तीला कबूल करून ठेवला होता. धम्म घेतल्यानंतरची पहिली वैशाखी पौर्णिमा तोंडावर आली होती. बाकीच्या बाया खीर करणार होत्या. नलू म्हणाली, मी केळ्याचा पाव आणीन. म्हणायला काय जातं? लग्नाआधी ती एका मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकाला होती. तिथल्या मडमेनं तो तिला शिकवला होता, आणि तिथं तो कधी म्हणून फसला नव्हता.

इथं मात्र दर खेपेला फसत होता. डालड्याच्या कापलेल्या डब्यात कडेनं मोठा देखणा दिसायचा, आणि मधे सुरी घातली की ओला गाळ. नलूनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? केळी आणखी काळी होऊ दिली, ताक कमी केलं, सोडा वाढवला. सोडा वाढवला त्या दिवशी पाव कडू झाला आणि बसला तो बसलाच.

सासूला, रुखमाबाईला, आयतंच कारण मिळालं. नलूच्या नवऱ्यानं, उकंडानं, घरातले देव नदीत सोडले तेव्हा म्हातारी एक शब्द बोलली नव्हती. आता प्रत्येक बसक्या पावामागं बोलायची.

"देव बुडवले. आता या घरात काही फुगत नाई."

नलू हसून सोडून द्यायची. पण खरं सांगायचं तर तिला पावापेक्षा त्या बोलण्याचीच धास्ती होती. पौर्णिमेला चारचौघींत पाव बसला असता, तर ते वाक्य तिच्या मनात कायमचं घर करून राहिलं असतं.

घरी भट्टी कुठली असायला? मोहिउद्दीनच्या बेकरीतून सकाळचे पाव निघाले की उरलेल्या आचेवर गावातल्या बाया आपापली नानखटाईची तबकं भाजून घेत. नंबर कुणी लावत नसे. नलू आपला डबा घेऊन भिंतीकडेच्या लिंबाखाली थांबायची आणि सगळ्यांचं आटोपलं की पुढं व्हायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीवर, दुकानात ती लहानपणापासून अशीच उभी राहत आली होती. धम्म घेतला, देव गेले, पण पायांची ही सवय तशीच राहिली होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती अशीच थांबली होती. डब्यावरचं फडकं सारून पाहिलं, तर पिठावर बारीक बुडबुडे येत होते. तेवढ्यात पहिलं तबक बाहेर निघालं. ते बायांतल्या अनवरीचं होतं आणि नानखटाई कडेनं करपली होती. भट्टी सुरुवातीला नुसती पेटलेली असते, कोणी जाड जिन्नस आधी लावत असेल तर बरं, असं ती कुरकुरत होती. नलूनं ते ऐकलं. पुन्हा फडकं सारलं. बुडबुडे विरले होते, पीठ निपचित पडलं होतं.

मडम सोडा घालण्याआधी भट्टी तापवायची आणि सोडा पडला की डबा आत जाईपर्यंत कुणाला क्षणभर थांबू द्यायची नाही. नलूला तेव्हा वाटायचं, बाई तापट आहे. आता तिला कळलं. सोड्याचा जोर वाट पाहण्यात जात होता, आणि तिची पाळी येईपर्यंत आचही उरत नव्हती. तिला देवांचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि कुणाकुणाचा आला ते मोजायला ती थांबली नाही. त्या दिवशीचा डबा तिनं तसाच घरी नेला.

पौर्णिमेच्या सकाळी तिनं पीठ कालवलं आणि तडक बेकरी गाठली. लिंब ओलांडताना पाय अडखळले. बाया तबकं घेऊन भट्टीच्या तोंडाशी होत्या.

"मायं आधी जाऊ द्या," नलू म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

एकीनं आपलं तबक जरा अलीकडं ओढून घेतलं. अनवरी मात्र लगेच बाजूला सरली. मोहिउद्दीननं लांब दांड्याची फळी पुढं केली.

"आन ना, बाई. तुले अडवलं कोनं?"

याचं उत्तर नलूपाशी होतं, पण ते भट्टीपुढं सांगण्यासारखं नव्हतं. तिनं डबा फळीवर ठेवला.

पाव डब्याच्या काठावर आला. घरी तिनं मधोमध सुरी घातली. सुरी कोरडी निघाली. रुखमाबाईनं तुकडा दाबून पाहिला, हुंगला, बोळक्या तोंडात बराच वेळ घोळवला.

"आज काय केलं तू?"

"काही नाई. समोर उभी राह्यली."

म्हातारीचं तोंड हलायचं थांबलं. नवी नवरी आली तेव्हा नलूला पहिल्यांदा इथल्या विहिरीवर नेऊन, कुठं उभं राहायचं ते तिनंच दाखवलं होतं.

"पुढच्या बारीनं मले घेऊन चाल," ती म्हणाली. "डबा मी धरतो."