कोनाड्यातला राउटर

जळकोटच्या महालिंगप्पानं वायफाय घेतलं ते अव्वासाठी. अव्वा म्हणजे त्याची आई, शांताक्का. घराच्या वाटण्या झालेल्या, मधी भिंत पडलेली, अन् म्हातारी पलीकडं धाकट्या बंडप्पाकडं. बंडप्पा बिनलग्नाचा, ट्रकवर. वायफाय बसवणारा म्हणाला, "काका, राउटर उंचावर ठेवा. भिंती रेंज खात्यात." महालिंगप्पानं तो आपल्या बाजूनं मधल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवला, नेमका पलीकडच्या अव्वाच्या खाटेमागं. मग त्याच्या स्वतःच्या ओसरीवर रेंज येईना. न येऊ दे! रोज चारला त्याची बहीण शिवकन्या कुवेतहून व्हिडिओ कॉल करायची, अन् भिंतीतून म्हातारीचं हसू ऐकू यायचं. तेवढ्यावर गडी खूश.

अन् काय अवदसा आठवली बघा! बंडप्पानं पत्र्याची पन्हाळ ह्याच्या अंगणात सोडली. शब्दाला शब्द लागला.

"तुझं काय बी नको मला," बंडप्पा म्हणाला.

"नको ना? मग वायफाय बी नको." महालिंगप्पानं तिथंच मोबाइल काढून पासवर्ड बदलला.

बंडप्पा तणतणत ट्रक घेऊन हुबळीला गेला. त्याच्या मोबाइलात त्याचं नेट होतं, त्याचं काय अडणार होतं? अव्वाचा रिचार्ज मात्र कधीच संपलेला, तिचा सगळा कारभार वायफायवर. हे महालिंगप्पाला दुसऱ्या दिवशी आठवलं. पण बंडप्पानं येऊन मागावं, मग देऊ, असं त्याच्या डोक्यात बसलं. काय म्हणावं अशा माणसाला!

तिसऱ्या दिवशी तो भाकरी घेऊन पलीकडं गेला, तर अव्वा मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली.

"महालिंगा, शिवकन्या रुसली काय रं? चार वाजून जात्यात, फोनच न्हाय. लई वाळलीस म्हणून बोलले तिला. राग आला आसंल."

सांगायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"कामात आसंल, अव्वा," तो म्हणाला.

संध्याकाळी शिवकन्याचा मेसेज आला. "अण्णा, अव्वाला फोन लागंना. बरी हाय न्हवं?" त्यानं लिहिलं, "बरी हाय. झोपली आसंल." बंडप्पा उद्या-परवा येईल, तवा बघू, म्हणून तो जेवायला बसला.

पाचव्या दिवशी सकाळी अव्वा उठलीच नाही.

शिवकन्या पोचली तेव्हा माती देऊन झालं होतं. ती पलीकडच्या रिकाम्या खाटेवर बसून राहिली. मोबाइल उशाशीच होता, बंडप्पानं चार्ज करून ठेवलेला.

"अण्णा, ती रागावली होती का रे माझ्यावर? वाळलीस म्हणाली, तर मी फटकन उलटं बोलले. नंतर एकदाबी बोलली न्हाय माझ्याशी."

महालिंगप्पा उठून आपल्या घरात आला, कोनाड्यासमोर उभा राहिला अन् जुना पासवर्ड परत टाकला. आता कुणासाठी, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

भिंतीपलीकडं अव्वाचा मोबाइल वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. चुकलेले कॉल, मेसेज, पाच दिवसांचं सगळं एकदम आलं. शिवकन्यानं कशावर तरी बोट ठेवलं, अन् तिचाच आवाज भिंतीतून आला, "अव्वे, रुसलीस व्हय गं? चुकलं माझं. उचल की फोन."

मग मोबाइल वाजायचा थांबला.

"अण्णा," शिवकन्यानं भिंतीतूनच विचारलं, "हे आत्ता कसं आलं?"

महालिंगप्पा कोनाड्याखाली मटकन बसला अन् लहान लेकरागत रडायला लागला.