ड्रमातले पाहुणे

उजाडले तेव्हा प्रकाश आधी पाण्यावर आलाच नाही. तो आला आमच्या पत्र्याच्या खोलीतल्या तारेवर, वाळत घातलेल्या रबरी हातमोज्यांवर. मग भिंतीवरून सावकाश उतरला, रिकाम्या बरण्यांत थोडा रेंगाळला, उंबरठा ओलांडून बांधावर गेला आणि अखेरीस, जणू परवानगी मागत, कोळंबीच्या तळ्यावर पसरला. हवा देणाऱ्या चाकांनी त्याचे तुकडे तुकडे केले आणि पुन्हा पाण्यातच टाकले. आत्याचे हे एवढे एकच तळे होते.

मी कोपऱ्यातला निळा ड्रम ढवळत होतो. पाणी, साखर आणि पाकिटातले उपयोगी जीवाणू रात्रभर त्यात मुरत ठेवायचे. सकाळी तळ्यात ओतले की ते तिथे बस्तान बसवतात, रोगाच्या जंतूंना जागाच उरत नाही. औषधे नकोत, हे करू, हा आग्रह माझा. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा मी त्या दिवशी अर्धा तास बोललो होतो. त्या नवलापायीच आत्याने मान डोलावली असावी.

"उठले का तुझे पाहुणे?" ती दारातून म्हणाली. "जावईसुद्धा एवढी साखर खात नाहीत रे!"

मी हसलो. तिने कोळंबी खाते की नाही ते बघायची जाळी पुढे केली. पहाटे तळ्यात सोडलेले खाणे तिच्यात जवळपास तसेच होते. बाजूला दोन कोळंब्या पडल्या होत्या. मी एक उजेडासमोर धरली. पाठीतली काळी रेघ मधेच तुटली होती, पोट रिकामे.

"शेजारच्या तळ्यात असंच सुरू झालं होतं," आत्या म्हणाली. "आज जाळं टाकलं तर लहान का होईना, जिवंत हाती लागतील. तुझे पाहुणे कामाला लागले असतील तर थांबते. तू म्हणशील तसं."

"थांबू या," मी म्हणालो. जरा घाईनेच.

ती ड्रमावर वाकली. "फेस नाही. आंबूस वासही नाही. पाणी कुठलं घेतोस?"

"टाकीतलं."

"ब्लीचिंग पावडर टाकलेलं?"

शेजारी रोग आल्यापासून ती पावडर मीच टाकत होतो, रोज, ठरल्यापेक्षा एक मूठ जास्त. ते पाणी दोन दिवस उघडे ठेवून त्यातला जंतू मारणारा क्लोरीन उडून गेल्याशिवाय ड्रमात घ्यायचे नसते, हे मला पाठ होते. भीतीला दोन दिवसांचा धीर नव्हता. आठवडाभर ड्रम गप्प होता. माझ्यासारखेच मुखदुर्बळ असतील बिचारे, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

आत्याने फोन काढला, पण लावला नाही. "बोल की! मूग गिळून बसू नकोस."

बाहेर चाके संथ फिरत होती. मी ढवळायची काठी भिंतीला टेकवली.

"जाळेवाल्यांना बोलाव," मी म्हणालो. "यातले जीवाणू रोज ड्रमातच मरतायत. आठवडाभर मी तळ्यात नुसतं साखरपाणी ओततोय."