तुतीला पेस्ट

खंडेरावांनी तुतीचं झाड द्राक्षाच्या शिस्तीत वाढवलं होतं आणि म्हसरूळच्या त्या कॉलनीत हा थट्टेचा विषय होता. दिंडोरीकडची बाग थोरल्या मुलाच्या हवाली करून ते धाकट्या महेशकडे राहायला आले, तेव्हा येताना त्यांनी पेन्सिलीएवढी एक काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. कंपाउंडच्या कोपऱ्यात खोचलेली ती काडी आता गच्चीला टेकली होती. खंडेराव तिची छाटणी करत, पानं ओरबाडून झाड उघडं करत, बुंध्याशी आळं करून शेणखत देत, काही दिवस पाणी तोडून तिला ताण देत.

"काका, तुती आहे हो ती. एक्स्पोर्टला नाही पाठवायची," शेजारच्या साधनाताई भिंतीवरून म्हणत.

"पाठवतो की. दर साली तुमच्या पांढऱ्या गाडीवर पाठवतो."

एकच गोष्ट त्यांना सलत होती. फळ एकसारखं येत नव्हतं. आज या फांदीला चार, परवा त्या फांदीला दोन. त्यातलीही बुलबुल पहाटेच नेत. नात सृष्टी वाटी घेऊन झाडाखाली उभी राही आणि रिकामी वाटी घेऊन आत जाई. बागेत असलं चालत नसे. तिथे छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून फूट निघते त्या गाठींना, पेस्ट लावतात आणि सगळी बाग एकदम फुटते. नाव पेस्ट, पण असतं पाण्यासारखं पातळ औषध. कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते दिसावं म्हणून त्यात गुलाबी रंग मिसळतात. तुतीला ती कोणी लावत नाही. तिला नुसती छाटणी पुरते. हे खंडेरावांना ठाऊक होतं. तरी त्यांनी थोरल्याकडून उरलेलं औषध मागवून घेतलं.

जानेवारीतला रविवार होता. सृष्टी मामाकडे देवळ्याला गेलेली. खंडेरावांचा हात आताशा थरथरत असे, म्हणून शिडीवर महेश चढला. विमा कंपनीत नोकरीला लागल्यापासून त्यानं झाडाला हात लावला नव्हता. आज स्वतःहून म्हणाला, "द्या आण्णा, मी लावतो," तेव्हा खंडेरावांना इतकं बरं वाटलं की ब्रश देताना त्यांनी पोराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हातमोजे घाल आधी."

"घातले."

भांडी घासायचे मोजे होते, सैल. त्यातून ब्रश निसटायला लागला, तशी महेशनं ते काढून खाली टाकले आणि उघड्या हातानं काम सुरू केलं. वरच्या डोळ्यांना लावताना औषध ब्रशच्या दांड्यावरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"मोजे घाल म्हणलं ना!"

"झालं आण्णा, शेवटची फांदी. साबणानं धुतो."

धुतले त्यानं. पण रंग नखांच्या कडेला राहिलाच.

बागेवर खंडेराव ब्रश हातात देण्याआधी प्रत्येक मजुराला समोर उभं करून ओरडून सांगत: आज आणि पुढचे तीन-चार दिवस दारूचा थेंब नाय. ज्याला जमणार नाय त्यानं आत्ताच घरी जावं. ते औषध अंगात मुरतं आणि वरून दारू पडली की माणूस जाग्यावर बसतो, हे त्यांनी ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. हिरामण म्हणून एक गडी होता, दोन पोती एका वेळी उचलणारा. दिवसभर पेस्ट लावून सांजच्याला त्यानं एक ग्लास घेतला. तोंड आधी लाल झालं, मग छाती धरून तो विहिरीच्या कठड्याला टेकला. जीपमधून नेताना वणीच्या अलीकडेच तो बोलायचा थांबला.

मजुरांना जे ते ओरडून सांगत, ते आज त्यांनी महेशला सांगितलं नव्हतं. कारण महेश पीत नाही, असं घरात ठरलेलं होतं.

घर माळकऱ्याचं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. महेशला एखाद्या शनिवारी उशीर झाला की त्याची बायको प्रतिभा टीव्हीचा आवाज वाढवून दार उघडे आणि सकाळी "यांना पित्त झालंय" म्हणे. खंडेराव आपल्या खोलीत मुद्दाम मोठ्यानं घोरत, म्हणजे सुनेला वाटावं, म्हातारा झोपलाय. बडीशेपेचा वास कशासाठी असतो, ते त्यांना कळत होतं. त्यांना कळतं, हे बहुधा महेशलाही कळत होतं. तिघं मिळून ही गोष्ट इतकी वर्षं इतक्या नीटपणे झाकत आले होते की त्यावर कधी बोलावं लागलं नव्हतं.

आणि आज रविवार. पोरगा घरीच आहे, असं खंडेरावांनी स्वतःला सांगितलं. उद्यापरवापर्यंत काहीतरी बोलता येईल.

तेवढ्यात फोन वाजला. महेश गॅलरीत जाऊन हळू बोलला आणि शर्ट बदलून आला.

"आण्णा, जरा जाऊन येतो. ज्ञानेशच्या शेताची मोजणी आहे, गिरणाऱ्याला."

"रविवारी मोजणी? सरकार लयच सुधारलं म्हणायचं."

महेश हसला. "खाजगी माणूस आहे."

"जेवून जा."

"तिकडेच आहे जेवण."

खंडेराव फाटकापर्यंत त्याच्या मागे गेले. "महेश, आज पोटाला हलकं ठेव. गरम-थंड काही घेऊ नको."

"गरम-थंड?"

"चहा-बिहा."

"बरं, चहा नाही घेत," महेश म्हणाला. त्याच्या कॉलेजातल्या मित्राची, ज्ञानेशची गाडी आली होती. महेशनं आत बसून हात केला. त्या हाताच्या नखांच्या गुलाबी कडा खंडेरावांना काचेतून दिसल्या.

ते परत येऊन झाडासमोर खुर्चीवर बसले. पान एकही नव्हतं. उघड्या फांद्यांवर खालपासून वरपर्यंत गुलाबी ठिपके होते, पुरळ उठावी तसे. एरवी दुपारपर्यंत दोन-चार पाखरं येऊन बसत. आज एकही आलं नव्हतं. ऊन तापत होतं. पोरगा लहान नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. पण लहान नाही म्हणूनच तर पिणार होता. आणि औषधाचं त्याला काय ठाऊक? पेस्टच्या दिवसांत तो कायम शाळेत, मग कॉलेजात. त्याला बागेत येऊ नको म्हणून सांगणारे तेच होते.

स्वयंपाकघरात प्रतिभा मेथी निवडत होती. सासरे दारात येऊन उभे राहिले, तशी ती पदर सावरून उठली.

"पाणी देऊ, आण्णा?"

"प्रतिभा, महेश घेतो का?"

"काय घेतात?"

"दारू."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "काहीतरीच काय, आण्णा. कोणी सांगितलं तुम्हाला? माळकऱ्याच्या घरातले आहेत ते. सृष्टीची शपथ घेऊन सांगते."

इतकं सफाईदार उत्तर तिनं कितीदा मनात घोकलं असेल, असं खंडेरावांच्या मनात आलं. ते तिनं त्यांच्यासाठीच घोकलं होतं.

"पोरीची शपथ नको घेऊस. मला लय वर्षांपासून ठाऊक हाय. तू टीव्ही मोठा करतेस तेही ठाऊक हाय. आता खरं सांग, आज तिथं काय हाय?"

प्रतिभानं मेथीची जुडी पुन्हा उचलली. "मटण आहे," ती म्हणाली. आणि मग, "आणि ते."

खंडेरावांनी तिला पेस्टचं सांगितलं. हिरामणचंही सांगितलं, पण शेवट सांगितला नाही. तो तिनं त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखला.

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?" आवाज चढलेला तिच्या लक्षात आला, तरी तिनं तो खाली आणला नाही. "फाटकापर्यंत गेला होतात ना! काय बोललात तिथे?"

"चहा घेऊ नको म्हणलं."

तिनं महेशला फोन लावला. एकदा तो नुसताच वाजला. दुसऱ्यांदा उचलला गेला. मागे हसण्याचा आवाज, कुणीतरी मिठाच्या नावानं ओरडत होतं.

"अहो, ऐका. तुम्ही घेतली का?"

"काय ग?"

"दारू घेतली का? स्पीकरवर आहे. आण्णा आहेत इथे."

मागचं हसणं एकदम थांबलं. "वेडी आहेस का तू?" महेश म्हणाला. "मी कधी घेतो का? आण्णा, हिचं काही ऐकू नका. थंडा पितोय."

"महेश," खंडेराव फोनजवळ वाकले, "ते पेस्टचं औषध विषारी असतं. वरनं दारू गेली तर जीव जातो. खरं सांग बाबा."

"नाही घेत हो मी, आण्णा." श्वास मध्येच तुटत होता. "जरा गरम होतंय इतकंच. उन्हात बसलोय. ज्ञानेश म्हणतो तोंड लाल झालंय."

प्रतिभानं तोंडावर हात ठेवला.

"तुला एक शब्द बोलणार नाय मी," खंडेराव म्हणाले. "माळेची आण. किती घेतलीस?"

"दोन," महेश म्हणाला. "तिसरा अर्धा."

"खाली ठेव. ज्ञानेशला दे फोन."

ज्ञानेश घाबरून एकदम बोलायला लागला: मी मटणापाशी होतो काका, मी अजून घेतली नाही, याचं डोकं ठणकतंय म्हणतो, छाती धडधडतेय. खंडेरावांनी त्याला तोडलं. गाडीत मागे आडवं घाल, गंगापूर रोडला पहिलं मोठं हॉस्पिटल येईल तिथं घे, आणि डॉक्टरला आधी सांग, द्राक्षाची पेस्ट लावली होती आणि वर दारू प्यायलाय. काय झालं विचारलं तर लाजू नको, हेच सांग. "आणि फोन त्याच्या कानाशी ठेव. झोपू देऊ नको."

प्रतिभानं स्कूटर काढली. खंडेराव मागे बसले, एका हातानं सीटची कड धरून, दुसऱ्या हातानं फोन कानाला दाबून. ती गाडी चालवत होती की रडत होती, ते त्यांना मागून कळत नव्हतं. मखमलाबादच्या वळणावर भाजीच्या टेम्पोला ती इतक्या जवळून गेली की आतल्या माणसानं शिवी दिली.

"महेश, बोल माझ्याशी."

"हं."

काय बोलावं? पोराशी असं बसून बोलायची सवय नव्हती. मग इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं तेच खंडेरावांच्या तोंडी आलं.

"कोणती पितोस तू?"

"आण्णा..."

"सांग की. कोणती?"

"रम. थंडीत." शब्द जड होत होते. "एरवी बिअर."

"पहिल्यांदा कधी घेतलीस?"

"कॉलेजात. वणीच्या जत्रेला गेलो होतो... तेव्हा."

"मला काय सांगून गेलतास?"

"देवीला जातो म्हणून." तो हसल्यासारखा वाटला, किंवा खोकला असेल. "तुम्ही नारळ दिला होता."

"कोण कोण होतं?"

"ज्ञानेश... आणि..." मागे गाडीचा हॉर्न सारखा वाजत होता. ज्ञानेश "महेश, महेश, डोळे उघड" म्हणत होता.

"आणि कोण?" खंडेरावांनी विचारलं. स्कूटर सिग्नलला थांबली होती. प्रतिभानं मान मागे वळवली. "आणि कोण रे, महेश? मग काय झालं? नारळ कुठं फोडला?"

पलीकडे हॉर्न वाजत होता. खंडेराव विचारत राहिले.