नाकाच्या दांडीवरचा सूर

"ओठ मिटा मावशी, पण दात एकमेकांना लावू नका. आता हं म्हणा." झरीननं कस्तुराबाईंचं बोट त्यांच्याच नाकाच्या दांडीवर ठेवलं. "झणझणतंय का?"

"मुंग्या आल्यावानी झालं," कस्तुराबाई कुजबुजल्या.

"कुजबुजू नका हो! त्यानं गळा जास्तच ताणला जातो. हळू बोला, पण आवाजात बोला."

झाली का पंचाईत! गळा जपायचा म्हणून कस्तुराबाई महिनाभर घरात नुसत्या कुजबुजत होत्या. उमरग्याच्या दवाखान्यात तपासलं, तर आवाजाच्या पडद्यांवर गाठी. मग डॉक्टरांनी त्यांना वाणीचे उपचार करणाऱ्या झरीनकडं धाडलं. तिचं म्हणणं, गळ्यातून ओढू नका, सूर नाकाच्या दांडीमागं घुमवा; कमी जोरात लांब जातो.

हे सगळं खरं, पण त्यांच्या माकणी गावात चालावं कसं? तिथल्या देवीची गाणी गाणाऱ्या आराधी मेळ्यात सासू गेल्यापासून पुढचं गाणं कस्तुराबाईंचं. आराधणीचा गळा फाटला तरच लोकांना देवी पावल्यासारखी वाटते. नवरात्र तोंडावर आलेलं. पुढची जागा गेली तर आपल्याला कोण विचारतं, या धास्तीनं त्यांना घास गोड लागेना.

पहिल्या माळेला दुपारी घटापुढं त्यांनी गाणं उचललं. सूर दांडीवर बसला. शब्द न् शब्द पार उंबऱ्यापर्यंत पोचत होता. तरी बायांत चुळबुळ सुरू झाली.

मागं साथीला झील धरणारी सून उमादेवी कानाशी आली. "आत्याबाई, आईचं गाणं हाय, अंगाई न्हाय. गळा फाटल्याबिगर आईला ऐकू जात न्हाय, तुमीच शिकवलंय न्हवं?"

शिकवलं होतं खरं. कस्तुराबाईंनी हातातली झांज सुनेला दिली आणि त्या मागं सरकल्या.

उमादेवीनं आवाज चढवला. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. बाया डोलू लागल्या, "उदो उदो" झालं. गाणं संपल्यावर ती खाकरत पाण्याला आली. "जमलं का, आत्याबाई?" आवाज आत्ताच बसका येत होता.

कस्तुराबाईंनी तांब्या दिला आणि तिचं बोट धरून तिच्या नाकाच्या दांडीवर ठेवलं. "ओठ मीट. आता हं म्हण."

उमादेवीनं हसत हात सोडवला. "मग बघू. लोकं दुसरं गाणं मागत्यात."

ती पुढं गेली. कस्तुराबाईंनी मागून हळूच झील धरली आणि त्या सुनेच्या मानेकडं बघत राहिल्या.