माहेरी ठेवलेली प्रत

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये सगळे तिला वहिनीच म्हणत. दीर म्हणायचा, म्हणून कारागीरही म्हणायचे. पाय बनवणं हे दिराचं काम आणि कॉम्प्युटरचा सगळा कारभार वहिनीचा. पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ते सॉकेट पूर्वी सासरे प्लास्टरच्या साच्यावरून घडवत. आता स्कॅनरने माप घ्यायचं, पडद्यावर आकार दुरुस्त करायचा आणि मशीनकडे सोडायचा. अकराशे माणसांची मापं एकाच सर्व्हरमध्ये होती.

वहिनीने एक नियम घातला. दर तीन महिन्यांनी एका सकाळी सर्व्हर बंद करायचा, तो जळून गेला असं धरायचं आणि बॅकअपवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम उभं करायचं.

"चालत्या गाड्याला खीळ कशाला घालताय?" दीर वैतागला. "बॅकअप रोज होतोय ना?"

"होतोय असं पडद्यावर दिसतंय. मागितल्यावर परत मिळतोय का, ते बघू या."

पहिल्याच वेळी तोंडावर पडायची पाळी आली. रुग्णांची नावं आली, फोन नंबर आले, पण पायांचे आकार नाहीत. पाच महिन्यांपूर्वी नवा स्कॅनर आला, तेव्हा आकार वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ लागले होते आणि बॅकअप इमानेइतबारे जुन्याच फोल्डरची प्रत काढत बसला होता. रोज हिरवी खूण येत होती. जेवताना वहिनीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "चूक माझी. ती खूण बघून मी निवांत राहिले."

त्याच आठवड्यात तिने घडी नीट बसवली. रोजची एक प्रत ऑफिसच्या कपाटातल्या डिस्कवर, आणि दर शनिवारी आणखी एक डिस्क तिच्या माहेरी. आईने ती चादरींच्या कप्प्यात ठेवली. दीर म्हणायचा, "वहिनींना माहेरी जायला सवड नाही, डेटा मात्र दर शनिवारी जाऊन येतो." काय बिघडलं तर कुणी आधी काय करायचं, याचा कागद तिने दाराजवळ चिकटवला. दुसऱ्या सरावाला अख्खा दिवस गेला. तिसऱ्याला तीन तास पुरले.

मग एका मंगळवारी सकाळी छतातला पाइप फुटला. ऑफिसचं दार उघडलं तर सर्व्हर पाण्यात न्हालेला आणि कपाटातून पाणी ठिबकतंय. ऑफिसातली डिस्कही गेली होती. दिराचा चेहरा उतरला. टपाल वाटणारी एक बाई दुपारी तीनला नवं सॉकेट घालून बघायला येणार होती. जुन्याला तडा गेल्यामुळे ती दोन आठवडे घरी बसून होती.

"वहिनी, आता?"

"आता कागदावर लिहिलंय तेच. तुम्ही ऑफिसचा मेन स्विच बंद करा. मी आईला फोन करते."

तिचा आवाज इतका साधा होता की दीर सरळ स्विचकडे गेला. आई रिक्षाने डिस्क घेऊन आली. पुढच्या, कोरड्या खोलीत वहिनीने दुसरा कॉम्प्युटर लावला. मधे एकदा तो अडला, तेव्हा दीर खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "पाठीमागे उभं राहिलात म्हणून तो वेगाने चालणार नाही," ती म्हणाली. "मशीन पुसून घ्या." पावणेबाराला आकार एकेक करून दिसू लागले. अकराशेच्या अकराशे.

फक्त सोमवारचं काम त्यात नव्हतं. टपालवाल्या बाईचं माप शुक्रवारी घेतलेलं, ते होतं. दिराने सोमवारी केलेल्या दुरुस्त्या मात्र गेल्या होत्या.

"तासाभराचं काम आहे," दीर खुर्ची ओढत म्हणाला. "हाताला आठवतंय अजून."

तीनच्या ऐवजी बाईला पाचला बोलावलं. ती आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून एकदा चालली, मग दांड्या सोडून चालली. "जुन्यापेक्षा बरा बसलाय," म्हणाली आणि जिन्यावरून दोनदा वरखाली करून आली.

सासरे दिवसभर कोपऱ्यात बसून सगळं बघत होते. ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, आज तू गावाला गेली असतीस तर?"

वहिनीने दाराजवळच्या कागदाकडे पाहिलं. मेन स्विच सोडला तर प्रत्येक पायरीसमोर तिचंच नाव होतं. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तर अडलं असतं, बाबा."

"मग मला शिकव."

बुधवारपासून माहेरची प्रत रोज संध्याकाळी जाऊ लागली. आणि गुरुवारी सासऱ्यांनी चष्मा पुसला, वहिनीच्या खुर्चीत बसून एका बोटाने पासवर्ड टाकला. तो चुकला. "सांगू नकोस," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.