शंभरामागे पस्तीस

मेणाच्या पट्टीत समोरचे दोन दात तो बसवत होता, तेवढ्यात फोन वाजला. मेण मऊ आहे तोवरच दात सरळ करून घ्यायचे असतात, नाहीतर कवळी घालणारा माणूस पुढे सगळ्या फोटोंत तिरका हसतो. पण गेले चार महिने फोन वाजला की त्याच्या हातातलं काम आपोआप खाली ठेवलं जायचं. त्याने चिमटा टाकला, अ‍ॅप्रनला हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"कर्जमुक्तीच्या दाखल्याचं विचारत होतात ना तुम्ही?" परतफेड कार्यालयातल्या बाई होत्या. "कुठे अडलंय ते सापडलं. तुमच्या यादीतल्या अकरापैकी दहा जणांनी पैसे घेतलेत. एकीने एकही चेक वटवलेला नाही. साठच्या साठ तसेच."

'एकीने' म्हटल्याबरोबर त्याला कळलं. बाकीचे दहा बँका आणि पतपेढ्या होत्या.

"तुमच्या कोण त्या?"

"ताई. सख्खी बहीण."

"मग काळजी कशाला? 'आता मला काही नको' असं त्यांच्या नावाने लिहिलेला कागद पाठवते, त्यावर त्यांची सही आणा. सही नसेल तर सुनावणी लागेल. आठ-नऊ महिने धरून चाला." बाई थांबल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या. "आणि एक सांगून ठेवते. सहीच्या बदल्यात त्यांना काही कबूल करायचं नाही. नंतर बघू, हळूहळू देईन, काही म्हणजे काही नाही. तोंडीसुद्धा नाही. शपथेवर विचारतात. खोटं निघालं तर पाच वर्षं पाण्यात."

फोन ठेवेपर्यंत मेण घट्ट झालं होतं. ते पुन्हा गरम करायला तो बर्नरपाशी गेला, तर लॅबचे मालक भिंग डोळ्याला लावून त्याच्याकडेच बघत होते. मालकांची नजर आता बारीक कामाला पुरत नव्हती. महिनाअखेर ते ही लॅब देऊन टाकणार होते. टेबलं, साचे, भट्टी, गिऱ्हाइकं, सगळं त्याला, हप्त्याहप्त्याने. पण दाखला नसलेल्या माणसाच्या नावावर जागा करायला इमारतवाला तयार नव्हता. समोरचा मोठा दवाखाना मात्र ही जागा घ्यायला रोख पैसे घेऊन बसला होता. त्यांना तिथे यंत्रं आणायची होती. माणसं नको होती.

"आज एकोणीस," मालक म्हणाले.

एके काळी त्याची स्वतःची लॅब होती. ऐपतीबाहेरचं एक यंत्र घेतलं, मोठं काम देणाऱ्याने पाठ फिरवली आणि दोन वर्षांत सगळं बुडालं. शेवटी परतफेड कचेरीने तडजोड करून दिली: पाच वर्षं पगारातून कापून घ्यायचे, सगळ्यांना शंभरामागे पस्तीस द्यायचे, मग दाखला आणि बाकीचं रद्द. यादी करताना बजावलं होतं की कुणाला गाळायचं नाही, घरच्यालाही नाही. त्याने अकरावं नाव ताईचं लिहिलं. ताई शाळेत कारकून होती. निवृत्तीचे पैसे हातात पडले त्याच आठवड्यात तिने ते त्याला आणून दिले होते. मोजून घे, एवढं एकच वाक्य बोलली होती.

यादीत तिचं नाव लिहिल्यापासून तो तिच्याकडे गेला नव्हता. दाखला मिळाला की जाईन, असं तो स्वतःला सांगायचा. आधी महिना महिना, मग वर्ष वर्ष. लाज ही गोष्ट अशी असते की ठेवली तर वाढतच जाते.

"सही घे आणि ये," दुसऱ्या दिवशी निघताना बायको म्हणाली. पाच वर्षांत तिने नवी चादरसुद्धा मागितली नव्हती. "जास्त बोलत बसू नकोस. ताईंसमोर तू विरघळतोस."

"नाही बोलत."

"मला दाखला हवाय रे," ती म्हणाली आणि घाईघाईने त्याची कॉलर नीट करू लागली.

ताईने दार उघडलं ते तोंडावर हात धरूनच. त्याला वाटलं, रडतेय की काय. मग ती म्हणाली, "ये," आणि त्याने बारीकसा खटका ऐकला. न बघता त्याला समजलं. कवळी सैल झाली होती. आठ वर्षांपूर्वी त्यानेच केली होती, स्वतःच्या लॅबमध्ये. हिरड्या झिजतात, कवळी तशीच राहते. दर दोन-तीन वर्षांनी आतून भर घालून द्यावी लागते.

खोली लखलखीत होती. चहा झाला. बायको, मुलगी, मुलीची शाळा, सगळं विचारून झालं. ताई घोट घेताना मान कलती करत होती आणि प्रत्येक घोटाला तो खटका येत होता. शेवटी तिनेच विषय काढला.

"कचेरीतून फोन आला होता मला. चेकचं म्हणून आलायस ना?"

त्याने मान हलवली. तिने कपाटातून पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. पहिलं फोडलेलं होतं, बाकीची बंद.

"वटवले का नाहीस, ताई?"

"पहिला आला तेव्हा रक्कम बघितली. महिन्याचं दूधही आलं नसतं त्यात." ती हसली आणि तोंडावर हात गेला. "रागावले नव्हते. म्हटलं, कचेरीचं काम आहे, सगळ्यांना सारखं. हा येईल आणि सांगेल, ताई, ते कचेरीचं झालं, आपलं आपण बघू. मग दुसरा आला. मग मी फोडायचं सोडलं."

त्याने खिशातून कागद काढला, घड्या उलगडून तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचलेली बाई. एक ओळ सोडली नाही.

"म्हणजे हे पस्तीसही नकोत असं मी लिहून द्यायचं."

"हो."

"आणि पासष्ट?"

"ते दाखला मिळाला की रद्द होतात."

"कायद्याने."

"हो."

"आणि तुझ्याकडून?"

बसमध्ये बसल्यापासून ते वाक्य त्याच्या जिभेवर होतं. ताई, कायदा काही म्हणू दे, तुझी पै न् पै मी फेडीन. पाच वर्षं रोज रात्री तो ते मनात म्हणत आला होता. आता बाईंचा आवाज आठवला, एकोणीस तारीख आठवली, कॉलर नीट करणारे हात आठवले. पाच वर्षं कचेरीच्या कागदांवर एकेका रकान्यात खरं तेच लिहायची त्याला इतकी सवय लागली होती, की शपथेवर खोटं बोलणं त्याला जमलंच नसतं.

"मला काही कबूल करता येत नाही, ताई. विचारतात ते."

"इथे कोण ऐकतंय?"

त्याने कागदाची घडी तळहाताने सपाट केली.

"नको देऊस रे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की खटकासुद्धा आला नाही. "मला तरी कुठे न्यायचेत आता? नुसतं म्हण."

त्याने तोंड उघडलं. शब्द होते, पण ते बाहेर काढणारा माणूस कुठेतरी हप्त्याहप्त्याने कापला गेला होता. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ताईने बराच वेळ वाट पाहिली. मग पेन उचललं, सुवाच्य अक्षरात सही केली, खाली तारीख घातली, कागदावर फुंकर मारली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"पाकिटंही ने. कचेरीत लागतील."

काम झालं होतं. उठून जायला हवं होतं. पण तिने कपबश्या उचलल्या तेव्हा तिचा आत गेलेला गाल त्याला दिसला. ती बरेच महिने एकाच बाजूने खात असणार. हे मात्र त्याला येत होतं. यात कुणाच्या परवानगीचा प्रश्न नव्हता. त्याला एकदम हुरूप आला.

"ताई, कवळी सैल झालीय. आत्ताच दे माझ्याकडे. आतून भर घालतो, कडा घासतो. चार दिवसांत आणून देतो. दुसऱ्या कुणाकडे का नाही गेलीस?"

"तू केलेली. दुसऱ्याच्या हातात कशी देणार?" ती पाठमोरीच म्हणाली. मग नळ बंद करून वळली. "किती होतील?"

"कशाचे?"

"भर घालायचे. बाहेरच्यांकडून काय घेतोस?"

"ताई, तुझ्याकडून मी..."

"मग राहू दे. जाईन मी कुणाकडे तरी."

ती रागावली नव्हती. शाळेत फी भरायला आलेल्या पालकाशी ती जशी बोलत असेल, तसंच बोलत होती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे दोनदा पाहिलं. मग लॅबचा दर सांगितला. पुरा सांगितला, कमी सांगितला असता तर तिला कळलं असतं.

ताईने मान डोलावली. बेसिनपाशी जाऊन कवळी काढली, धुतली, स्वच्छ रुमालात गुंडाळून त्याच्यासमोर ठेवली. आता तिचं तोंड पार मिटलं होतं आणि ती एकाएकी खूप म्हातारी दिसत होती. आत जाऊन ती पैसे घेऊन आली, टेबलावर ठेवले आणि बोळक्या तोंडाने, शब्द कळावेत म्हणून सावकाश म्हणाली,

"मोजून घे. आणि पावती दे."